उपग्रहाच्या इंटरनेटची पाळी कशी लावावी

चिकोडी-अथणीकडे कृष्णेवरच्या उपसा योजनांची पाळी लावताना ऑगस्टमधली नदी कोणी हिशेबात धरत नाही. एप्रिलमध्ये जॅकवेलमध्ये, म्हणजे नदीकाठच्या उपशाच्या विहिरीत, किती पाणी येते ते पाहूनच कोणत्या गटाला किती तास द्यायचे ते ठरते. खालच्या कक्षेतल्या उपग्रहांवरून येणारे इंटरनेट गावाने वाटून घ्यायचे असेल, तर हिशेबाची रीत हीच राहते, फक्त ऋतू उलटा होतो. इथे टंचाई पावसाळ्यात येते, आणि बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात, पावसाळा चार महिने मुक्कामाला असतो.

आमच्या गावात सहकारी सोसायटीच्या गच्चीवर काही वर्षे भूस्थिर, म्हणजे आकाशात कायम एकाच जागी दिसणाऱ्या, उपग्रहाची डिश होती. पुढे ती उतरवून डोंगरापलीकडच्या टॉवरकडे तोंड केलेला फोर-जी अँटेना बसवला. या दोन्ही जोडण्या सोसायटी, आरोग्य उपकेंद्र, शाळा आणि गावातले फोन यांच्यात वाटून देण्याचे काम माझ्याकडे होते, आणि त्यात झालेल्या चुकांवरूनच खालच्या कक्षेतल्या सेवेची तयारी मी करत आहे. डिश येण्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही, कारण वाटपाचा मोठा भाग आपल्या राऊटरमध्ये होतो आणि राऊटर आजही आपल्याच हातात आहे. आज ज्या जोडणीवर गाव चालते तिच्यावरच हे सारे बसवून पाहावे.

परवानगीचे आधी सांगून टाकतो. भारतात अशी सेवा देण्यासाठी दूरसंचार विभागाचा जीएमपीसीएस परवाना लागतो. तो वनवेब कंपनीला २०२१ मध्ये, जिओच्या उपग्रह कंपनीला २०२२ मध्ये आणि स्टारलिंकला जून २०२५ मध्ये मिळाला. परवानाधारक कंपनीने रीतसर नोंदवून दिलेला संचच बसवावा. परदेशातून कोणी आणून दिलेला संच इथे चालू करणे कायद्यात बसत नाही, आणि राज्याच्या सरहद्दीवरच्या जिल्ह्यात असल्या गोष्टींची चौकशी लवकर होते.

वर काय ठरते आणि खाली काय उरते

भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. आपली विनंती वर जाऊन खाली येते आणि उत्तरही तसेच वर जाऊन खाली येते, म्हणजे चार फेऱ्यांत सुमारे १ लाख ४३ हजार किलोमीटर होतात. प्रकाशाच्या वेगानेही त्याला जवळपास अर्धा सेकंद लागतो. आमच्या जुन्या डिशवर बोलताना दोघे एकदम बोलायचे, मग दोघेही गप्प व्हायचे, ते यामुळेच. स्टारलिंकचे बहुतेक उपग्रह ५५० किलोमीटरच्या आसपास आणि वनवेबचे १,२०० किलोमीटरवर फिरतात, त्यामुळे ही वाट बघण्याची वेळ शंभर मिलिसेकंदांच्या, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागाच्या, आत येते.

जवळ असण्याची किंमतही आहे. ५५० किलोमीटरवरचा उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने जातो आणि आपल्या डोक्यावरच्या उपयोगी भागात चार-साडेचार मिनिटांपेक्षा जास्त काळ राहत नाही. म्हणून जोडणी सतत एका उपग्रहाकडून दुसऱ्याकडे सोपवली जाते. स्टारलिंकवर झालेल्या मोजणीत दिसले आहे की कोणत्या डिशने कोणत्या उपग्रहाशी बोलायचे याचा निर्णय दर १५ सेकंदांनी नव्याने होतो, आणि त्या क्षणी विलंब एकदम बदलतो, कधी एखाद-दुसरे पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) गळते. राऊटरची मांडणी करताना हा १५ सेकंदांचा ठेका लक्षात ठेवावा. त्याला बिघाड समजून दर वेळी डिश बंद-चालू करणाऱ्या माणसाला आधी आवरावे लागते.

उपग्रहापर्यंत पोचण्याचा पहिला प्रश्न असा, की एकमेकींना न दिसणाऱ्या हजारो डिशपैकी कोणी कधी बोलायचे. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांनी १९७० च्या सुमारास मांडलेल्या अलोहा पद्धतीत ज्याला वाटेल त्याने बोलावे आणि टक्कर झाली तर थोडे थांबून पुन्हा बोलावे असे होते. त्यात मार्गाचा फार तर १८.४ टक्के उपयोग होतो, आणि सर्वांनी ठरावीक ठोक्यावरच बोलायचे असे केले तर तो ३६.८ टक्क्यांपर्यंत जातो. म्हणून असा खुला मार्ग बहुधा ‘मला जागा हवी’ एवढे कळवण्यापुरताच ठेवतात आणि खरी वाहतूक आखून दिलेल्या वेळेत व आखून दिलेल्या लहरींवर चालवतात. सकाळी डेअरीत सगळ्यांनी एकदम कॅन पुढे केले तर माप होत नाही. नंबर घेऊन उभे राहिले तर होते.

पुढचे वाटप झोतांचे, म्हणजे उपग्रह जमिनीच्या एकेका भागावर रोखतो त्या लहरींचे. स्टारलिंकच्या रचनेत जमिनीचे वीस-पंचवीस किलोमीटरचे तुकडे पाडून त्यांवर झोत फिरवले जातात. वनवेबचा प्रत्येक उपग्रह १६ लांबट झोत पुढे ढकलत जातो. कोणत्याही रचनेत एका झोताखालच्या सगळ्या डिश एकाच क्षमतेच्या वाटेकरी असतात, आणि शेजारच्या रिसॉर्टने तीन डिश लावल्या तर त्याचा परिणाम आपल्या संध्याकाळवर होतो. त्यावर आपला इलाज नाही. शिवाय बेळगाव सुमारे १६ अंश उत्तर अक्षांशावर आहे, आणि विषुववृत्ताशी ५३ अंशांनी कललेल्या स्टारलिंकच्या कक्षांतले उपग्रह ५३ अंश अक्षांशाच्या जवळ, म्हणजे युरोपसारख्या भागावर, दाट होतात व विषुववृत्ताकडे विरळ. तिकडचे वेगाचे आकडे वाचून गावाला शब्द देऊ नये.

डिशची जागा

आकाश उघडे हवे, एवढे सगळे सांगतात. आपल्याकडे त्यात एक भर घालावी लागते. भूस्थिर उपग्रहांना त्रास होऊ नये म्हणून त्याच लहरी वापरणाऱ्या खालच्या उपग्रहांना त्या भूस्थिर उपग्रहांच्या आकाशातल्या पट्ट्याच्या रेषेत येणे टाळावे लागते, आणि बेळगावहून तो पट्टा दक्षिणेला सुमारे ७१ अंश उंच, म्हणजे जवळजवळ डोक्यावरूनच जातो. साहजिकच उत्तरेकडचे आकाश आपल्याला अधिक लागते. उत्तरेला फणसाचे जुने झाड आणि दक्षिणेला मोकळे माळरान अशी गच्ची असेल, तर ती नुसती बघायला चांगली. कंपनीच्या ॲपमध्ये अडथळे तपासण्याची सोय असली तर ती मे महिन्यात न वापरता पावसाळ्यात पाने दाट झाल्यावर वापरावी.

विजेचा हिशेब साधा आहे. डिश आणि राऊटर मिळून ५० ते १०० वॅट धरावेत. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर १,८०० वॅट-तास देते. इन्व्हर्टरची गळती आणि बॅटरी पूर्ण न रिकामी करण्याची शिस्त धरून दहा-बारा तास मिळाले तरी समाधान मानावे.

कोणाला आत घ्यायचे

वाटपाआधी दरवाजा ठरतो. एकच पासवर्ड सगळ्या गावाला देणे ही पहिली चूक आम्ही केली. पंधरवड्यात तो शेजारच्या दोन वाड्यांत पोचला, आणि बदलायचा म्हटले की उपकेंद्राचा टॅब व रेशनचे यंत्रही बाहेर पडत. त्यामुळे जाळे आधीच तुकड्यांत विभागावे: सोसायटी व रेशन दुकान एका व्हीलॅनमध्ये (राऊटरने वेगळ्या काढलेल्या जाळ्यात), उपकेंद्र दुसऱ्यात, शाळा तिसऱ्यात आणि लोकांचे वायफाय चौथ्यात. एका तुकड्यातल्या यंत्राला दुसऱ्यातले दिसता कामा नये. कॅमेरे आणि हिशेबाचा संगणक लोकांच्या वायफायवर असणे म्हणजे तिजोरी ओसरीवर ठेवणे होय.

लोकांच्या तुकड्यासाठी लॉगिन पान ठेवावे, आणि ते कन्नड व मराठी दोन्हींत असावे. आमच्या गावात घरात मराठी बोलणारी मुले कन्नड शाळेत शिकतात आणि बाहेरून आलेली परिचारिका मराठी वाचत नाही. पान एका भाषेत ठेवले की उरलेल्यांची लॉगिन करून देण्याची सेवा आपल्यालाच करावी लागते. ओळख पटवण्यासाठी फोनवर ओटीपी हा सोपा मार्ग, पण जिथे मोबाइलला रेंज नाही तिथे ओटीपी येणार कसा? त्यासाठी सोसायटीच्या खिडकीवर सहा आकडी कूपन ठेवावे, ते कोणाला दिले त्याची वहीत नोंद करावी, आणि एका कूपनावर दोनच उपकरणे चालतील असे राऊटरमध्ये लावावे. उपकरणाच्या मॅक पत्त्यावर, म्हणजे वायफायला दिसणाऱ्या त्याच्या ओळख-क्रमांकावर, विसंबू नये. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला स्वतःहून बनावट पत्ता देतात, आणि ‘काल चालत होते, आज नवीन फोन म्हणते’ ही तक्रार त्यातूनच येते.

लोकांना पैसे घेऊन वायफाय द्यायचे असेल तर डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेली पीएम-वाणी योजना पाहावी. त्यात वायफाय देणाऱ्या दुकानदारासारख्याला (योजनेच्या भाषेत ‘सार्वजनिक डेटा कार्यालयाला’) परवाना लागत नाही. मात्र उपग्रह कंपनीच्या करारात जोडणी पुढे वाटण्याची मुभा आहे का, हे सही करण्यापूर्वी वाचावे. घरगुती योजनेत ती असेलच असे नाही. कोण, कधी, कोणत्या पत्त्यावरून जोडले होते एवढ्या नोंदी किमान १८० दिवस ठेवाव्यात. कोणी काय पाहिले याची नोंद ठेवू नये, आणि आधारच्या झेरॉक्सचा गठ्ठा तर मुळीच गोळा करू नये.

किती द्यायचे

इथे सगळ्यांचे लक्ष डाउनलोडच्या आकड्यावर असते आणि अडते ते अपलोडवर. आमच्या फोर-जी जोडणीवर एकदा गौरी जेवणाच्या दिवशी पुण्याहून, मुंबईहून, गोव्याहून सगळी पोरे घरी आलेली होती. उपकेंद्रात परिचारिका एका गरोदर बाईला पुढ्यात बसवून तालुक्याच्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलत होत्या. चित्र गोठले आणि आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा तुटू लागला. मी वेगाची चाचणी लावली तर डाउनलोड उत्तम दिसत होते. मग पिंग, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तराला लागणारा वेळ मोजणारी चाचणी, लावून ठेवला: एरवी ५०-६० मिलिसेकंदांत येणारे उत्तर २,००० च्या वर गेले होते. गावात आलेल्या प्रत्येक फोनने वायफाय दिसताच महिन्याभराचे फोटो ऑनलाइन साठवणुकीला पाठवायला घेतले होते, आणि मॉडेमच्या पोटात त्या फोटोंची लांबलचक रांग लागून डॉक्टरांपर्यंत जाणारा आवाज तिच्या शेपटाला उभा होता. त्या दिवशी मी लोकांचे वायफाय सरळ बंद केले आणि संध्याकाळभर बोलणी खाल्ली.

अशी रांग दुसऱ्याच्या यंत्रात लागू न देता आपल्या राऊटरमध्ये लावणे, हा वाटपाचा पाया आहे. त्यासाठी राऊटरमध्ये जोडणीच्या प्रत्यक्ष वेगापेक्षा थोडी कमी, म्हणजे ८५ ते ९० टक्के मर्यादा घालावी. मग रांग आपल्याकडे लागते आणि तिच्यात कोणाला पुढे घ्यायचे ते आपण ठरवू शकतो. ओपनडब्ल्यूआरटी हे सॉफ्टवेअर असलेल्या राऊटरमध्ये ‘केक’ किंवा ‘एफक्यू-कोडेल’ ही रांग-पद्धत निवडावी. दोन्ही पद्धती प्रत्येक प्रवाहाची रांग वेगळी धरतात, त्यामुळे एकाचे मोठे फोटो दुसऱ्याच्या छोट्या आवाजाच्या पॅकेटांना अडवत नाहीत. ‘केक’ त्यापुढे जाऊन प्रत्येक उपकरणाला समान वाटाही देऊ शकते. उपग्रहाची क्षमता मात्र मिनिटागणिक हलते, म्हणून एकच आकडा बांधून ठेवण्याऐवजी विलंब मोजून मर्यादा खाली-वर करणारी ‘केक-ऑटोरेट’ ही जोड बसवावी. दर १५ सेकंदांच्या उडीने ती बिचकू नये यासाठी क्षणिक उसळीकडे दुर्लक्ष करण्याइतका तिचा उंबरठा थोडा वर ठेवावा लागतो.

यानंतर हमी आणि कमाल. हमी म्हणजे कितीही गर्दी झाली तरी मिळणारा किमान वाटा, आणि कमाल म्हणजे बाकीचे रिकामे असताना घेता येणारा जास्तीत जास्त वाटा. समजा पावसाळी संध्याकाळी आठ दिवस मोजून अपलोड ५ एमबीपीएसच्या (सेकंदाला ५ मेगाबिटच्या) खाली गेले नाही. तर उपकेंद्राला १.५, सोसायटी-रेशन-डेअरीला मिळून ०.५ आणि शाळेला ०.५ अशी २.५ ची हमी द्यावी, उरलेले २.५ लोकांच्या फोनांचे. रेशनच्या अंगठ्याला किंवा डेअरीच्या मापाच्या नोंदीला काही किलोबाइट लागतात, म्हणून अर्ध्या एमबीपीएसची हमी त्यांना पोटभर होते. त्यांना वेगापेक्षा न ताटकळणे हवे असते. उपकेंद्र रात्री बंद असले की त्याची हमी आपोआप इतरांकडे वळावी, अशी सोय राऊटरमध्ये असते आणि ती चालू ठेवावी. चारही तुकड्यांच्या हम्यांची बेरीज मोजलेल्या किमान क्षमतेच्या वर कधीही जाऊ देऊ नये. जाहिरातीतल्या आकड्यावर हमी वाटली की पहिल्या मृगाच्या सरीला तो कागद खोटा ठरतो, आणि मग पंचांसमोर उत्तर कंपनी देत नाही, आपण देतो.

हमीपलीकडचे वाटताना ‘सगळ्यांना सारखे’ याचा अर्थ नीट लावावा. समजा २० एमबीपीएस उरले आहेत आणि पाच मागण्या आहेत: २, ३, ५, १० आणि १५. सारखे भाग केले तर प्रत्येकाला ४ येतात. पण पहिल्या दोघांना एवढे नकोच आहे. त्यांना २ आणि ३ देऊन उरलेले १५ तिघांत वाटले की प्रत्येकी ५ येतात; तिसऱ्याची मागणी पूर्ण होते आणि मोठ्या दोघांना ५-५ मिळतात. गरज थोडी असलेला कधी उपाशी राहत नाही आणि थेंबही वाया जात नाही. मोठी मागणी करणाऱ्याला हे अन्यायाचे वाटते, म्हणून हे उदाहरण मी सोसायटीच्या सभेत फळ्यावर लिहून दाखवले होते. ‘म्हणजे उसाला पाणी कमी आणि भाजीला पुरेसे,’ असे एका काकांनी म्हटले, आणि त्यापुढे समजावण्याची गरज पडली नाही.

वेळेचे वाटप वेगाच्या वाटपापेक्षा स्वस्त पडते. संगणकांची अद्ययावत होण्याची कामे, कॅमेऱ्यांच्या साठवणुकी आणि फोटोंची पाठवणी रात्री ११ ते पहाटे ५ मोकळी सोडावी आणि दिवसा त्यांना फोनांच्या वाट्यातलाही लहान तुकडा द्यावा. दररोजचा डेटा कूपनावर बांधायचा असेल तर तो रात्रीच्या वेळेत मोजू नये. लोक मग आपणहून रात्रीकडे सरकतात. परीक्षेच्या काळात शाळेचा वाटा वाढवावा लागला तर तो तारखेसह फळ्यावर लिहून वाढवावा, गुपचूप नाही. आणि कॅमेरे घरबसल्या बाहेरून पाहायचे आहेत असे कोणी म्हटले, तर उपग्रह कंपन्या बहुधा एकच सार्वजनिक पत्ता अनेकांना मिळून देतात, त्यामुळे पोर्ट, म्हणजे बाहेरच्याला थेट आत घेणारे राऊटरचे दार, उघडण्याची जुनी युक्ती चालणार नाही हे आधीच सांगावे.

पावसाचे वेळापत्रक

ग्राहकांच्या डिशकडे येणाऱ्या लहरी बहुधा १०.७ ते १२.७ गिगाहर्ट्‌झच्या आणि वर जाणाऱ्या १४ ते १४.५ गिगाहर्ट्‌झच्या असतात. जोराच्या पावसात त्या क्षीण होतात, वर जाणाऱ्या अधिक, आणि यंत्रणा जोडणी टिकवण्यासाठी हळू पण खात्रीच्या पद्धतीवर उतरते. म्हणजे जोडणी असते, वेग नसतो. चोर्ला घाटाच्या बाजूने काळोख करून येणारी सर बहुधा अर्ध्या-पाऊण तासात ओसरते. तेवढ्या वेळासाठी राऊटरमध्ये दुसरे वाटप तयार ठेवावे: अपलोड ठरावीक आकड्याखाली गेले की लोकांच्या वायफायवरचे व्हिडिओ बंद, संदेश आणि आवाज चालू, शाळेची हमी निम्मी, उपकेंद्राला हातही लावायचा नाही. हे आपोआप व्हावे. पावसात कोणाला गच्चीवर किंवा लॅपटॉपकडे पळावे लागू नये. जुनी फोर-जी जोडणी मोडीत न काढता फक्त उपकेंद्र आणि रेशनसाठी आडवाटेला ठेवावी. पावसात तीही रडते, पण दोन्ही एकाच मिनिटाला बंद पडणे आमच्याकडे क्वचित घडले.

सगळे बसवून झाल्यावर चाचणी सकाळी दहाला करू नये. संध्याकाळी सातला, लोक घरी आल्यावर, उपकेंद्रातून बेळगावला व्हिडिओ कॉल लावावा, लोकांच्या वायफायवरून दोन फोनांनी मोठे व्हिडिओ वर पाठवायला सुरुवात करावी आणि तिसऱ्या यंत्रावर पिंग चालू ठेवावा. पिंग एरवीच्या दुपटीहून वर जाऊन तिथेच राहिला किंवा पलीकडच्याने ‘परत सांगा’ म्हटले, तर अपलोडची मर्यादा ५ टक्क्यांनी उतरवावी आणि पुन्हा पाहावे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पाऊस लागल्यावर, हीच चाचणी परत घ्यावी आणि त्या दिवशी जो आकडा येईल तोच सोसायटीच्या फळ्यावर लिहावा.